बायकोची सही

अंबरनाथच्या एमआयडीसीतला फिटर इनास तीन वर्षं, बायकोला सोबत घेऊन, चर्चमध्ये डीकन, म्हणजे फादरांचा दीक्षा घेतलेला मदतनीस, होण्याचं शिक्षण घेत होता. पण बायकोच्या लेखी संमतीशिवाय दीक्षा मिळत नसते, आणि फिलोमिना काही सही करेना.

"फिटर असून घरचा नळ गळतोय. आधी तो बघा, मग देवाची सेवा," ती भर वर्गात ऐकवायची. इनास बिचारा रोज तिच्यासाठी प्रार्थना करायचा.

शेवटच्या वर्गात फादरांनी राहिलेला नियम सांगितला, "डीकनची बायको वारली, तर त्याला दुसरं लग्न करता येत नाही."

फिलोमिनानं शेजारणीचं पेन ओढून घेतलं आणि तिथल्या तिथे सही ठोकली.



इनास उभा राहिला. "फादर, मला जरा विचार करायला वेळ द्या."