पाचवीची पट्टी

पाचवीच्या सकाळी नर्सबाई रिवाजाप्रमाणे आईचं दूध तपासायची पट्टी घेऊन आली. चांगुणाच्या दुधाचे दोन थेंब पडले आणि पट्टी काळी झाली.

"हिरवी झाली तरच पाजता येतं," नर्सबाई हळू आवाजात म्हणाली. "जेवायला काय असतं गं?"

"मोरी मासा!" चांगुणाची आई हिराबाय मोठ्या तोऱ्यात म्हणाली. "दूध उतरावं म्हणून सातव्या महिन्यापासून खाडीतली मोठ्यात मोठी मोरी रांधतेय लेकीसाठी. माझ्या आईनंही मला हेच घातलं."

"मावशी, खाडीच्या चिखलातलं विष जवळ्यानं खाल्लं, जवळा मांदेलीनं खाल्ला, मांदेली बोंबलानं, बोंबील मोरीनं. घासाघासाला ते दाटत गेलं. आणि मोरी खाल्ली तुमच्या लेकीनं."

हिराबायनं हातातला कालवणाचा वाडगा दूर सारला. "मग उतरवा ना ते! औषध द्या काहीतरी!"

"औषध नाही. ते अंगाच्या चरबीत मुरतं. बाहेर पडतं ते दुधावाटेच. पिळून या डब्यात टाकत राहायचं, पट्टी हिरवी होईपर्यंत. कुणाला वर्षही लागतं."

नर्सबाई गेली. पाळण्यातली पोर भुकेनं रडू लागली. पावडरचं दूध तिनं थुंकून टाकलं. तिचं रडणं लेकीच्या कानी पडू नये म्हणून हिराबाय तिला उचलून परसात गेली.

चांगुणा डबा घेऊन बसली. कितीही पिळलं तरी थेंब येईना.

"आये," तिनं हाक मारली, "तिला इथं आण. माझ्याजवळ रडू दे. ती रडली की पान्हा फुटतो."