यादीतला तिसरा फोन

नवा फोन आणला आणि वाय-फायचा पासवर्ड काही केल्या आठवेना. त्याने बायकोला विचारलं, तर ती मान वर न करता म्हणाली, "मला काय माहीत?" शेवटी लॅपटॉपला राउटरची वायर जोडून त्याने सेटिंग उघडलं. पासवर्ड सापडला, पण खालीच कोणकोणते फोन जोडलेले आहेत त्याची यादी होती. एक त्याचा जुना, एक बायकोचा आणि तिसऱ्यापुढे नाव होतं, 'अण्णा'.

अण्णा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. घराची वाटणी झाल्यापासून तो भिंतीपलीकडेच राहत होता, पण चार वर्षांत दोघांनी एकमेकांशी चकार शब्द काढला नव्हता.

"तू दिलास ना अण्णाला पासवर्ड?"

"शप्पथ, मी नाही दिला. भाऊजींनी मला कधी विचारलाही नाही."

त्याचा विश्वास बसला नाही. आपल्या पाठीमागे आणखी काय काय शिजतंय, या विचाराने त्याचं डोकं भणाणलं. तो तसाच अनवाणी बाहेर पडला आणि त्याने शेजारचं दार धडाधडा वाजवलं.

अण्णाने दार उघडलं.

"माझ्या वाय-फायचा पासवर्ड तुला कुणी दिला?"

अण्णा गोंधळला. "कुणी म्हणजे? तूच. राउटर बसवला त्या दिवशी तूच माझ्या फोनमध्ये घातलास की." मग खाली बघत हळूच म्हणाला, "मला इतकी वर्षं वाटत होतं, तू तो मुद्दामच बदलला नाहीस."