सरूबाईचा गूळ

"ते खाली ठेवा मावशी, ते जायचं नाही."

सरूबाईचे हात खोक्यावरच थांबले. हातातल्या कासवानं मान आत घेतली.

चिखलीच्या प्राणी-केंद्रात ती जनावरांचा पाला-पाणी बघायची. चार महिन्यांपूर्वी चाकणच्या नाक्यावर, कांद्याच्या गोण्यांखाली लपवून नेली जाणारी, पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेली त्रेचाळीस कासवं सापडली होती. आज ती आपापल्या मुलखाला निघाली होती. पाठीवरून मुलूख ओळखून पसरट पाठीची एका खोक्यात, घुमटासारख्या उंच पाठीची दुसऱ्यात. हातातलं होतं घुमटाचं. शुक्रवारी त्यानं पहिल्यांदा तिच्या हातून पाला खाल्ला, म्हणून ती त्याला शुक्रा म्हणे.

"पाठ तर घुमटाचीच हाय की हो, बाई."

"पाठ फसवते, मावशी," डॉक्टर तनुजा म्हणाली. "रक्ताचा रिपोर्ट सकाळी आलाय. आई एका मुलखातली, बाप दुसऱ्यातला. कुणीतरी घरात डांबलेल्या जोडीचं पिल्लू आहे हे. कुठंही सोडलं तरी तिथल्या वाणात भेसळ. आता इथंच राहील, जन्मभर."

सरूबाईनं शुक्राला हलकेच जमिनीवर ठेवलं.

कासवं आली त्याच दिवशी तिनं गावदेवीपुढं नवस बोलून गूळ खायचा सोडला होता. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा नुसता कपाळाला लावला. 'सगळी सुखरूप घरी जावीत म्हणून मावशींचा नवस' असं केंद्रात जो तो कौतुकानं सांगे. ती मान खाली घाली, आणि संध्याकाळी आपल्या दोन रिकाम्या खोल्यांकडे जायला उगाच उशीर करी.

खोकी घेऊन गाडी गेली. तनुजानं डब्यातला गुळाचा खडा पुढं केला. "बेचाळीस गेली ना घरी? एकासाठी देवी रागवायची नाही. घ्या, तोंड गोड करा."

सरूबाईनं खडा घेतला. शुक्रा फाटकाच्या जाळीशी पोचला होता. गाडी गेली तिकडं तोंड करून पुढच्या पायांनी माती उकरत होता. थांबे, पुन्हा उकरे. तिनं पालकाचं पान धरलं. त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

तिनं खडा पदराच्या टोकाला बांधून टाकला.

"आता खायला काय हरकत आहे, मावशी?"

"हरकत न्हाई, बाई. नवस पुरा झाला माझा," सरूबाई जाळीकडं बघत म्हणाली. "ह्यातलं एक तरी माझ्यापाशी ठिव, एवढंच मागितलं हुतं मी देवीला."