तांब्याची सवत

यजमान हयात असताना लीलावतीबाई त्या नाण्याला सवत म्हणायच्या. सतराशे चौऱ्याण्णव सालचा अमेरिकन सेंट, तांब्याचा, त्यावर मोकळ्या केसांची बाई, आणि ते रोज संध्याकाळी भिंगातून तिलाच न्याहाळत बसायचे. ते गेले, बाकीचा संग्रह विकला गेला आणि साउथहॅम्प्टनच्या घरात या दोघीच उरल्या. आज मुलगा सवतीसाठीही गिऱ्हाईक घेऊन आला. गिऱ्हाइकाने डबी उघडली आणि त्याचा चेहराच पडला. नाणं लखलखत होतं. “आई, काय केलंस हे?” “दिवाळी होती रे. एकटीनं कसली पहिली अंघोळ करायची? तिलाही घातली, चिंच लावून.” “अगं, त्या दोनशे वर्षांच्या काळपट रंगालाच किंमत होती! घासलेलं नाणं संग्राहक घेत नाहीत.” गिऱ्हाईक “सॉरी” म्हणत उठलं. लीलावतीबाईंनी डबी चटकन मांडीवर ओढली. “नीट विचार त्याला, हिला कोणीच नेणार नाही ना?”