सावर्ड्याच्या पुढे

गाडी सावर्ड्याच्या पुढे सरकत नव्हती. कालही तिथेच होती, आज दुपारीही तिथेच.

"कुठं पोचला ओ?" आनंदीबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"सावर्ड्याला," धाकू म्हणाला. "पुलाचं काम चाललंय. लांबच लांब रांग लागलीय."

शेजारचा रघू दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याने कपाळाला हात लावला.

खरं तर गाडी न्यूझीलंडमध्ये होती आणि तिच्यापुढे कसलीही रांग नव्हती. या दोघांचा एकुलता मुलगा हर्षद. नोकरी सिंगापूरची, सुट्टी न्यूझीलंडची. त्याने तिथे घरासारखी भलीमोठी गाडी भाड्याने घेतली होती. आत बिछाने, शेगडी, संडास, सगळं. बायकोमुलांना घेऊन तो त्या देशाच्या हमरस्त्यांवरून फिरत होता. डॉक्टरांनी हात टेकले, आईला पावसला घरी आणलं, हे त्याला कळवलं होतं. पण हर्षद लहानपणापासून हिशोबाला पक्का. त्याने मनात जमाखर्च मांडला : सहल ठरलेली आहे, आईचं काही ठरलेलं नाही. "एवढी ट्रिप उरकतो बाबा, की निघालोच," तो म्हणाला. मनाला लागलं असावं, कारण गाडीतून दिसणाऱ्या रस्त्याचा व्हिडिओ तो रोज न चुकता पाठवी.

त्या व्हिडिओंचा उपयोग रघूला सुचला. रघूचा जन्म एसटी चालवण्यात गेलेला.

"वहिनींचा जीव हर्षदमध्ये अडकलाय, धाकूदादा," तो म्हणाला होता. "अन्न गेलं, पाणी चमच्यावर आलं, तरी सुटका नाय. तो आला, एवढं त्यांच्या कानावर घाल. तुळशीचं पाणी त्याच्या नावानं माझा पोरगा घालील. आपल्याकडं असंच करतात. मग बघ, घटकाभरात मोकळ्या होतील."

एकदम 'आला' म्हटलं तर पटायचं नाही. म्हणून व्हिडिओ दाखवत दाखवत गाडी मुंबईहून टप्प्याटप्प्याने आणायची ठरली.

सुरुवात झकास झाली. पनवेल गेलं, महाड गेलं, चिपळूण गेलं. पडद्यावर बर्फाचे डोंगर आले की धाकू त्यांच्यावर अंगठा ठेवी. "एक खड्डा नाय रस्त्यात! वहिनींचं लक्ष असतं तर पयल्या झटक्यात ओळखलं असतं," रघू कुजबुजला.

पण सावर्डे आलं आणि गाडी रुतली. आधी कंटेनर उलटला, मग मुलांना उलट्या झाल्या, मग पुलाचं काम निघालं. कर्नाटकातला आंबा पावसचा म्हणून शपथेवर विकलेला माणूस हा धाकू. त्याची जीभ इथेच का जड व्हावी, रघूला कळेना.

आनंदीबाई कण्हत होत्या. पाठीला जखमा झाल्या होत्या. त्यांची कूस बदलून देताना रघूची बायको स्वतःच डोळे मिटून घेई. धाकू उशाशी बसून त्यांचे केस विंचरी, ओठ ओले करी आणि सांगत राही, येईल, रस्ता मोकळा झाला की येईल.

शेवटी रघूचा धीर सुटला. तो सरळ खाटेपाशी आला.

"वहिनी, हर्षद हातखंब्याला पोचला! आला आता, आलाच!"

आनंदीबाईंच्या कपाळावरची आठी सुटली. श्वास लांबला, मग आणखी लांबला. धाकू ताडकन उठला.

"खोटं! रघ्या, कोणी सांगितलं तुला? हातखंब्याला रस्ता बंद हाय. त्यानं गाडी माघारी वळवलीन. चिपळूणला गेला परत."

रघू बघतच राहिला. "अरे, पुढं आणायची ती मागं नेतोस? एसटीत एवढी वर्षं काढली, असा ड्रायव्हर नाय बघितला!" तणतणत तो निघून गेला.

खोलीत दोघंच उरली. आनंदीबाई पुन्हा कण्हू लागल्या. धाकूने चमच्यात पाणी घेतलं. निम्मं उशीवर सांडलं.

आनंदीबाईंनी डोळे उघडले. ते फोनकडे वळले नाहीत, दाराकडेही वळले नाहीत. त्यांनी धाकूचं मनगट धरलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "लय दुखतंय मला. किती अडवाल त्याला? आणा आता गाडी दारात."