खिडकीची जागा

"बाबा, मोठं हेलिकॉप्टर जास्त वेळ फिरवतं. छोटं घेतलं तर मात्र आपण तिघंच," नायगाऱ्याला तिकिटं काढताना मुलगा म्हणाला.

"छोट्यात जागा किती?"

"पायलट सोडून चार."

"मग छोटंच घे!" भास्करराव म्हणाले.

पूर्वी एसटी फलाटाला लागली रे लागली, की ते धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकायचे. मागून सरलाबाई ऐटीत येऊन खिडकीशी बसायच्या. घाट संपला तरी त्यांचं "अहो, ते बघा" संपायचं नाही. हा धबधबा वरून बघायचा हट्टही त्यांचाच. पण तो पुरवायच्या आतच त्या गेल्या.

हेलिकॉप्टरचं दार उघडताच भास्करराव आधी घुसले, खिडकीच्या जागेवर रुमाल टाकला आणि स्वतः शेजारी बसले.

सून गोंधळली. मुलानं वाकून रुमालावरून पट्टा लावला.