तो भोंगा खाली ठेव

तळ्याकाठच्या नाचमंडपात बँडला चाळीस वर्षं झाल्याचा नाच रंगला होता. सॅक्सोफोनवाल्या औलिसची बायको सायमी दर उन्हाळ्यासारखीच बाकावर बसून चुळबुळत होती. इतक्यात ‘आता बायकांनी जोडीदार निवडायचा’ ही पाटी उजळली. अशा वेळी बाईला नकार द्यायची रीत नाही. सायमी तरातरा मंचाकडे गेली.

“औलिस, तो भोंगा खाली ठेव आणि उतर.”

“अगं, लोक बघतायत!”

“बघू देत. अख्खा गाव नाचवलास, मी मेलीनं बाकच झिजवला.”

औलिस उतरला. पहिल्याच पावलाला त्यानं तिचा पाय तुडवला.

“तुला नाचताच येत नाही?”

“नाही. तू कधी नाचायला बोलावशील या धास्तीनंच तर बँडमध्ये शिरलो.”

सायमीनं त्याचा हात आणखी घट्ट धरला. “रीतीप्रमाणे एका जोडीनं सलग दोन गाणी नाचायची असतात. उचल पाय.”